घाटासाठी सायकल हलकी करताना: वजन, गिअर आणि खर्चाचा क्रम

सातारा जिल्ह्यात सायकल चालवणाऱ्याला चढ फार काळ टाळता येत नाही. शहरातून पश्चिमेकडे निघाले की यवतेश्वरचा घाट लागतो, वाईहून पाचगणीला जायचे तर पसरणीचा, मेढ्याकडून महाबळेश्वर गाठायचे तर केळघरचा, आणि कोयनेच्या बाजूने चिपळूणकडे उतरून परत यायचे ठरवले तर कुंभार्लीचा. त्यामुळे गिअरची सायकल घेतल्यानंतर काही महिन्यांतच ती हलकी कशी करता येईल हा प्रश्न मनात येऊ लागतो, आणि त्याच सुमारास कार्बनचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), हलकी चाके, टायटॅनियमचे बोल्ट अशा वस्तूंच्या जाहिरातीही दिसू लागतात. या लेखाची भूमिका अशी आहे की घाटात हौशी सायकलस्वाराला जे अडवते ते बहुतेक वेळा सायकलचे वजन नसते. न जुळणारा गिअर आणि जड फिरणारे टायर हे त्याचे खरे शत्रू असतात. वजनाला महत्त्व आहेच, परंतु ते आधी तेथून काढावे जेथून काढायला पैसे लागत नाहीत, आणि पैसे खर्च करायचे ते हिशेब करून, ठरावीक क्रमाने करावेत.

एक किलोचे मोल

हा हिशेब एकदा कागदावर मांडला की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचा फरक आहे. हिशेबाच्या सोयीसाठी चढाची लांबी ११ किलोमीटर आणि सरासरी चढ पाच टक्के धरू, म्हणजे दर शंभर मीटरला पाच मीटर उंची. सायकलस्वार ७० किलोचा, सायकल १४ किलोची, आणि पाणी, कपडे, हत्यारे मिळून ३ किलो, असे एकूण ८७ किलो वजन वर न्यायचे आहे. नियमित सायकल चालवणारा सर्वसाधारण माणूस तासभर सलग साधारण १५० वॉट शक्ती लावू शकतो असे मानले, तर गुरुत्वाकर्षण, टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि हवेचा थोडासा विरोध मिळून त्याचा वेग ताशी साडेदहा किलोमीटरच्या आसपास राहतो आणि त्याला हा घाट चढायला सुमारे ६३ मिनिटे लागतात.

आता याच हिशेबातून एक किलो वजा केला, तर वेळ वाचतो तो साधारण ४० सेकंद. एका तासाहून अधिक काळाच्या चढात चाळीस सेकंद! हा किलो सायकलच्या फ्रेममधून गेला, बाटलीतून गेला की पोटावरून गेला, याने चढाला काहीही फरक पडत नाही. शंभर ग्रॅमचा अर्थ चार सेकंद, आणि तीस ग्रॅम वाचवणाऱ्या टायटॅनियमच्या बोल्टांच्या संचाचा अर्थ जेमतेम एक सेकंद.

चाकांच्या कडेचे वजन कमी केले तर त्याचा दुप्पट फायदा होतो, असे सायकलच्या दुकानात नेहमी ऐकायला मिळते. त्यात तथ्य आहे, पण ते फक्त वेग वाढवतानाचे आहे. थांबलेली सायकल वेगात आणताना रिम आणि टायर यांना पुढेही ढकलावे लागते आणि गोलही फिरवावे लागते, म्हणून त्यांचे वजन जवळजवळ दुप्पट मोजले जाते. घाटात मात्र सायकलस्वार तास-दीड तास जवळपास एकाच संथ वेगाने चालत असतो, आणि अशा वेळी रिममधील शंभर ग्रॅम आणि खिशातील शंभर ग्रॅम यांचे मोल सारखेच असते.

आधी वजन करा

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी सायकल जशी चालवली जाते तशी, म्हणजे बाटल्या, कुलूप, पंप आणि पिशवीसह, तोलून घ्यावी. प्रवासाच्या बॅगा मोजण्यासाठी मिळणारा हुकाचा छोटा काटा यासाठी उत्तम; तो नसेल तर घरातील वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहून आणि नंतर सायकल उचलून घेऊन वजन करावे व फरक काढावा, त्यात थोडी चूक राहते पण कामापुरते कळते. सुट्या भागांसाठी स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा किंवा ओळखीच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. उत्पादकाने छापलेल्या वजनावर विसंबू नये, कारण ते अनेकदा सर्वांत लहान मापाच्या फ्रेमचे आणि पॅडलशिवाय दिलेले असते. सुरुवातीच्या किमतीतील हायब्रिड सायकल सामान्यतः १३ ते १५ किलो भरते आणि पुढे शॉकअप असलेली एमटीबी, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांची सायकल, १५ ते १७ किलोपर्यंत जाते. व्यावसायिक शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने किमान वजनाची मर्यादा ६.८ किलो ठेवली आहे, पण आपल्या कामाशी त्या आकड्याचा संबंध नाही आणि त्याचा पाठलाग करू नये.

या मोजणीत पहिला मोठा वाटा निघतो तो लोखंडी सामानाचा. बाजूचा स्टँड तीनशे ते सहाशे ग्रॅमचा असतो. मागचे लोखंडी कॅरिअर पाऊण किलो ते एक किलो भरते, जाड साखळीचे किंवा यू-आकाराचे कुलूप एक किलोच्या वर जाते, आणि सीटवर चढवलेले जेलचे जाड कव्हर वरून आणखी अडीच-तीनशे ग्रॅम घालते. ज्या दिवशी घाट करायचा त्या दिवशी कॅरिअर आणि स्टँड काढून ठेवले, कुलूप घरी ठेवले आणि चहाच्या वेळी सायकल नजरेसमोर ठेवली, तर दोन किलो वजन एक रुपयाही न खर्चता कमी होते. दुकानात हेच दोन किलो विकत घ्यायला गेल्यास बिल किती होईल हे पुढे येईलच. मडगार्ड मात्र ऋतू पाहून ठरवावेत. पावसाळ्यात यवतेश्वर ते कास या पट्ट्यात रस्ता तासन्‌तास ओला असतो, आणि मागच्या चाकाने उडवलेला तांबडा चिखल पाठीवर, चेनवर व मागून येणाऱ्या सोबत्याच्या तोंडावर घेण्यापेक्षा प्लास्टिकचे हलके मडगार्ड वाहून नेणे केव्हाही शहाणपणाचे.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून दोन भरलेल्या मोठ्या बाटल्या आणि पाठीवरची पाण्याची पिशवी असा सरंजाम हिवाळ्याच्या सकाळी अनावश्यक आहे. वाटेत कोठे पाणी मिळते हे आधी चौकशी करून ठरवावे आणि तेवढेच घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पाण्यात काटकसर करू नये, कारण ४० सेकंद वाचवून शेवटच्या तीन किलोमीटरना तोंड कोरडे पडले तर त्याची भरपाई कोणतेही हलके चाक करीत नाही. त्याचप्रमाणे जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप, षट्कोनी चाव्यांचा संच, पुढचा-मागचा दिवा आणि घंटी यांना वजनाच्या यादीत धरूच नये. घाटात दुपारीदेखील धुके उतरते, आणि वळणावरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला तुम्ही दिसणे हे सर्वांत महत्त्वाचे.

टायर: पहिला खर्च येथे

वरच्या ६३ मिनिटांच्या हिशेबात टायर बऱ्यापैकी चांगले, गुळगुळीत आणि योग्य हवेचे धरले होते. त्याऐवजी एमटीबीचे खाचाखाचांचे, जाड रबराचे आणि हवा कमी असलेले टायर डांबरी रस्त्यावर चालवले, तर टायरचे घर्षण सहज दुपटीच्या घरात जाते. ८७ किलो वजनासाठी हा फरक सव्वाचार न्यूटन बलाच्या आसपास भरतो, आणि एक किलो वजन कमी केल्याने जे बल वाचते त्याच्या तो सात ते आठ पट आहे. म्हणजे केवळ टायर बदलल्याने या घाटात पाच मिनिटांच्या आसपास वेळ वाचतो, जो वजन घटवून मिळवायचा तर सायकल निम्मी कापून काढावी लागेल. शिवाय हा फायदा सपाट रस्त्यावरही तसाच मिळत राहतो, वजनाचा मिळत नाही.

डांबरी घाटरस्त्यांसाठी ७०० मापाच्या चाकांवर २८ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे, मधोमध गुळगुळीत आणि आतून पंक्चररोधक पट्टा असलेले टायर निवडावेत. पूर्वीची २३ मिलिमीटरची अतिशय अरुंद टायर आपल्या रस्त्यांवर हळू चालतात, कारण खडबडीत पृष्ठभागावर त्यांच्यातील हवेच्या प्रचंड दाबामुळे सायकल सतत उडते आणि प्रत्येक उडीत थोडी ऊर्जा वाया जाते. रुंदी वाढवण्यापूर्वी फ्रेम, पुढचा फोर्क आणि ब्रेक यांच्यात नव्या टायरभोवती सर्व बाजूंनी किमान चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा राहते की नाही हे तपासावे, नाहीतर चिखलाचा एक गोळा चाक अडवायला पुरेसा होतो. टायरच्या कडेला ३२-६२२ असे छापलेले आकडे असतात; त्यातील पहिला रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. खरेदी करताना इंचांच्या नावांपेक्षा या आकड्यांवर भरवसा ठेवावा, कारण एकाच इंचाच्या नावाखाली वेगवेगळ्या व्यासाची टायर विकली जातात.

कडेला पोलादी तार असलेल्या टायरऐवजी घडी होणारे टायर घेतले, तर जोडीमागे शंभर-दोनशे ग्रॅम कमी होतात, आणि घाटरस्त्यासाठी हा खर्च योग्य आहे. ट्यूबच्या बाबतीत मात्र थोडा विवेक ठेवावा. नेहमीची काळी ब्युटिल रबराची ट्यूब शंभर ग्रॅमहून थोडी अधिक भरते, तर टीपीयू या प्लास्टिकसदृश पदार्थाची पारदर्शक ट्यूब चाळीस ग्रॅमच्या आसपास असते. दोन्ही चाकांत मिळून वाचणारे दीडशे ग्रॅम म्हणजे सहा सेकंद. ज्यांच्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत त्यांनी या ट्यूब घाट उतरताना वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लांब उतारावर रिम तापते, उष्णतेने हा पदार्थ मऊ पडतो, आणि काही उत्पादक स्वतःच रिम ब्रेकसाठी त्या वापरू नका असे सांगतात. घडी करून खिशात ठेवायची जादा ट्यूब म्हणून मात्र त्या छान आहेत.

वॉल्व्हचा मुद्दा छोटा, पण गावाकडे महत्त्वाचा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हला बसतो. प्रेस्टा नावाच्या बारीक वॉल्व्हला बसत नाही. प्रेस्टा वापरत असाल तर वॉल्व्हवर फिरवून बसणारा पितळी अडॅप्टर पिशवीत ठेवावा. त्याचे वजन नगण्य आहे आणि किंमतही. कॉम्प्रेसरने हवा भरताना हात आखडता ठेवावा आणि नंतर स्वतःच्या मापकाने तपासावे. ७० किलोच्या स्वारासाठी २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय आणि ३२ मिलिमीटरमध्ये ५५ ते ६५ पीएसआय हा सुरुवातीचा अंदाज चालतो, आणि ओल्या रस्त्यावर त्यातून पाच कमी करावेत.

गिअर: गुडघे वाचवणारा खर्च

दुसरा खर्च गिअरवर करावा. ज्यांच्या रोड सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रे आणि मागे ११ ते २८ दातांची कॅसेट, म्हणजे लहान-मोठ्या चक्रांचा संच, आहे, त्यांचा सर्वांत हलका गिअर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे नेतो. तीव्र चढावर वेग ताशी ८ किलोमीटरवर आला की हा स्वार मिनिटाला फक्त ५० फेरे मारत असतो, प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर पूर्ण जोर देत असतो, आणि त्याची समजूत अशी होते की सायकल जड आहे. त्याच सायकलला मागे ११ ते ३४ दातांची कॅसेट बसवली तर एका फेऱ्यात २.१५ मीटर अंतर कापले जाते आणि त्याच वेगाला फेरे ६२ होतात. नवी कॅसेट जुनीपेक्षा थोडी जडच असेल. तरीही चढ सोपा होतो. वजन वाढवूनही सायकल घाटात सुधारते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

कॅसेट मागवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, सर्वांत मोठे चक्र किती दातांचे झेपते. दुसरी, तो एकूण किती सैल चेन ओढून घेऊ शकतो. हा दुसरा आकडा काढण्यासाठी पुढच्या दोन चक्रांतील दातांचा फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या व लहान चक्रांतील फरक यांची बेरीज करतात. ५० वजा ३४ म्हणजे १६, ३४ वजा ११ म्हणजे २३, एकूण ३९. शिमानोच्या १०५ श्रेणीतील आर ७००० या अकरा गिअरच्या डिरेलरचे उदाहरण घेतले, तर त्याचा आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाचा) प्रकार ३० दातांपर्यंत जातो आणि लांब पिंजऱ्याचा प्रकार ३४ दात व ३९ ची क्षमता सांभाळतो. म्हणजे आखूड प्रकार असलेल्याला कॅसेटबरोबर डिरेलरही बदलावा लागेल. मोठ्या कॅसेटबरोबर चेनही लांब लागते. नवी चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून गुंडाळावी, जेथे टोके जुळतात त्यापुढे दोन कड्या ठेवाव्यात आणि तेथे तोडावी. जुनी आखूड चेन ठेवून चुकून मोठ्यावर-मोठा गिअर पडला, तर डिरेलर हँगरसकट, म्हणजे तो फ्रेमला जेथे टांगलेला असतो त्या पट्टीसकट, वाकतो.

स्वस्त गिअर सायकलींना मागे कॅसेट नसते, हबवर आट्यांनी घट्ट होणारे फ्रीव्हील असते, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये १४ ते २८ ऐवजी १४ ते ३४ दातांचा प्रकार मिळतो आणि तो फारसा महागही नाही. परंतु अशा सायकलींना पुढे बहुधा तीन चक्रे असतात आणि सर्वांत लहान चक्र २८ किंवा त्याहून कमी दातांचे असते, म्हणजे हलका गिअर आधीपासूनच हजर असतो. पुढचा डिरेलर नीट न जुळवल्यामुळे चेन लहान चक्रावर उतरतच नाही आणि स्वार वर्षानुवर्षे मधल्या चक्रावर घाट चढत राहतो, असे कितीतरी सायकलींच्या बाबतीत दिसते. पावसाळ्यानंतर गंजलेली गिअरची आतली तार आणि तिची बाहेरची नळी बदलणे व डिरेलरचे स्क्रू जुळवून घेणे, एवढ्यावर काम भागत असेल तर कॅसेटचा विचारही करू नये.

चेनची झीज घरच्या घरी मोजता येते. बारा इंचांच्या पोलादी पट्टीचे शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवले असता, नव्या चेनमध्ये बारा इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य बरोबर येतो. तो एक सोळांश इंच पुढे सरकला असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश सरकला असेल तर कॅसेटचे दातही झिजलेले असणार.

पुढचा शॉकअप

सायकलवरून एकाच वेळी सर्वांत जास्त वजन काढायचे असेल तर ते पुढच्या शॉकअपमधून निघते. सुरुवातीच्या किमतीतील स्प्रिंगचा शॉकअप दोन किलोपासून पावणेतीन किलोपर्यंत भरतो, तर शॉकअप नसलेला साधा पोलादी फोर्क साधारण एक ते सव्वा किलोचा असतो. म्हणजे सव्वा किलो किंवा त्याहून अधिक बचत, आणि हिशेबाने ५० ते ६० सेकंद. त्याहून मोठा लाभ असा की उभे राहून पॅडल मारताना पायाची शक्ती स्प्रिंग दाबण्यात जात नाही.

तथापि हा बदल माप घेतल्याशिवाय करू नये. पुढच्या चाकाच्या अक्षापासून फोर्कच्या माथ्यापर्यंतची लांबी हे यातील कळीचे माप आहे, कारण नवा फोर्क आखूड निघाला तर सायकलचे नाक खाली जाते, हँडल घाबरट होते आणि पॅडल वळणावर रस्त्याला टेकू लागतात. स्वार बसल्यावर शॉकअप जितका दबतो तितकी वजा केलेली लांबी मोजावी आणि नवा फोर्क तिच्या एक-दीड सेंटिमीटरच्या आत असावा. याशिवाय फोर्कचा दांडा सरळ २८.६ मिलिमीटरचा आहे की खाली जाड होत जाणारा, ब्रेक डिस्कचा की व्ही प्रकारचा, आणि चाकाचा अक्ष कोणत्या मापाचा, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. बामणोली किंवा तापोळ्याच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर नियमित जाणाऱ्याने मात्र शॉकअप ठेवावा. ज्यांच्या शॉकअपला लॉक करण्याची कळ आहे त्यांनी काही आठवडे ती कळ दाबून घाट चढून पाहावा, आणि मगच निर्णय घ्यावा.

दर ग्रॅमला किती रुपये

यापुढच्या प्रत्येक वस्तूसाठी एकच कसोटी लावावी: किंमत भागिले वाचणारे ग्रॅम. समजा एखादा फोर्क ३,९०० रुपयांना मिळतो आणि १,३०० ग्रॅम वाचवतो, तर ग्रॅमला तीन रुपये पडले. समजा कार्बनचा सीटपोस्ट ४,५०० रुपयांना मिळतो आणि १०० ग्रॅम वाचवतो, तर ग्रॅमला ४५ रुपये पडले. हे दर वहीत लिहून ठेवले की मोह आपोआप आटोक्यात राहतो. मूळची चाके टायरशिवाय सव्वादोन ते अडीच किलोंची असतात आणि चांगली ॲल्युमिनियमची चाके पावणेदोन किलोंच्या आसपास मिळतात. सहाशे ग्रॅम, २५ सेकंद. किंमत पाहता ही खरेदी शेवटच्या टप्प्यातली. घेतलीच तर ८० किलोंहून अधिक वजनाच्या स्वाराने कमी आऱ्यांची देखणी चाके टाळावीत आणि ३२ आऱ्यांची निवडावीत, कारण पावसाळ्यानंतरचे खड्डे चाकाच्या देखणेपणाची पर्वा करीत नाहीत. जड सीट बदलून अडीच-तीनशे ग्रॅमची घेणे चालते, पण ती बसायला जमली पाहिजे.

कार्बनच्या हँडलबद्दल थोडे कडक बोलणे भाग आहे. नाव-गाव नसलेले, अर्ध्या किमतीत मिळणारे कार्बनचे हँडल किंवा स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) घाटात वापरू नये. ॲल्युमिनियम बहुधा आधी वाकते, कार्बन पूर्वसूचना न देता तुटू शकते, आणि ताशी ४५ किलोमीटरने उतरताना हँडल तुटण्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही. विश्वासू कंपनीचा भाग घेतला तरी तो टॉर्क रेंचनेच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला हे दाखवणाऱ्या पान्यानेच, कसावा. अशा बोल्टांवर साधारण ५ न्यूटन-मीटर अशी मर्यादा छापलेली असते आणि हाताच्या अंदाजाने ती सहज ओलांडली जाते. एकूण बदलांचा खर्च नव्या, वरच्या श्रेणीच्या सायकलच्या निम्म्याजवळ जाऊ लागला, तर थांबावे आणि आहे ती सायकल विकून दुसरी घेण्याचा विचार करावा.

ब्रेकमधून वजन काढू नये

८७ किलो वजन साडेपाचशे मीटर वर नेताना साठवलेली ऊर्जा सुमारे ४७० किलोज्यूल असते. ती उतरताना कोठेतरी जावी लागते. ताशी २५ किलोमीटरच्या सावध वेगाने उतरल्यास हवा आणि टायर मिळून तिचा काही भाग खातात आणि निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जाते. म्हणूनच हलक्या, लहान डिस्क किंवा स्वस्त ब्रेक-रबर बसवून ग्रॅम वाचवणे हा चुकीच्या जागी केलेला काटकसरीपणा आहे. डिस्क ब्रेक असल्यास पुढे १६० मिलिमीटरहून लहान डिस्क लावू नये, आणि डिस्कची जाडी १.५ मिलिमीटरपर्यंत झिजली की ती बदलावी, कारण शिमानोच्या नव्या डिस्क १.८ मिलिमीटरच्या असतात आणि ही त्यांची शेवटची मर्यादा आहे. रिम ब्रेक असल्यास पावसाळ्यात दर फेरीनंतर ब्रेक-रबरात रुतलेली खडी सुईने काढावी. ती राहिली तर रिमची भिंत पातळ होत जाते आणि एक दिवस फुटते. उतरताना ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नये. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात वापरून वेग आटोक्यात आणावा आणि नंतर पूर्ण सोडावेत, म्हणजे मधल्या काळात ते थंड होतात.

सांगलीकडच्या स्वारासाठी थोडे वेगळे

सांगली, मिरज, इस्लामपूर या सपाट भागात राहून महिन्यातून एखाद्या वेळी घाटात जाणाऱ्याने वजनावर जवळजवळ काहीच खर्च करू नये. सपाट रस्त्यावर एक किलोचा फरक जाणवतही नाही. तेथे समोरचा वारा हा खरा चढ असतो, आणि हँडल थोडे खाली घेऊन पाठ वाकवण्याने मिळणारा लाभ फुकट असतो. टायरची निवड मात्र येथे अधिक काळजीने करावी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पूर्वेकडच्या तालुक्यांत, तसेच साताऱ्याच्या माण-खटावात, रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे पडलेले असतात, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे डांबरावर माती व पाचट साचते. पंक्चररोधक पट्टा नसलेले अतिहलके टायर या रस्त्यांवर दर आठवड्याला ट्यूब बदलायला लावतील. टायरमागे शंभर ग्रॅम जास्त देऊन जाड पट्ट्याचे टायर घ्यावेत, आणि घाटात त्यांचे आठ सेकंद आनंदाने सोसावेत.

बसवल्यानंतर

एका वेळी एकच भाग बदलावा. टायर, कॅसेट आणि फोर्क एकदम बदलले तर कशाने काय झाले हे कळत नाही आणि काही करकर करू लागले तर कारण शोधता येत नाही. प्रत्येक बदलानंतर पहिली फेरी घराजवळच मारावी, सर्व गिअर वर-खाली करून पाहावेत, आणि छोट्या उतारावर पुढचा व मागचा ब्रेक वेगवेगळा तपासावा. घाटातील वेळेची तुलना करायची तर तोच घाट, तीच सकाळची वेळ आणि जवळपास तेवढेच पाणी असावे. नव्या गिअरतारा सुरुवातीच्या फेऱ्यांत थोड्या सैल होतात आणि नव्या चाकांचे आरेही बसतात, म्हणून पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर तारा पुन्हा ताणाव्यात, आऱ्यांचा ताण दुकानात तपासून घ्यावा आणि स्टेम, फोर्क व सीटपोस्टचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर आहेत की नाहीत हे एकदा पाहावे.